हृदयाचा ठोका परतल्यानंतर : मेंदूचे रक्षण आणि आपले कर्तव्य

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका किराणा दुकानात पन्नाशीचे एक गृहस्थ बोलता बोलता कोसळले. माणसे जमली. कोणी नाकाशी कांदा धरला, कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी तळपाय चोळू लागले. आम्हांस बोलावणे आले तेव्हा नाडी लागत नव्हती. आम्ही छाती दाबण्यास आरंभ केला, रुग्णवाहिका आली, विद्युत्-झटका दिला गेला आणि हृदय पुन्हा चालू झाले. जमलेल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आम्हीही टाकला. दोन आठवड्यांनी ते गृहस्थ घरी आले खरे, परंतु स्वतःच्या नातवंडांची नावे त्यांस आठवत नव्हती आणि सकाळी काय खाल्ले हे दुपारी सांगता येत नव्हते.

नंतर हिशेब मांडला तेव्हा ध्यानात आले की, कोसळल्यापासून आम्ही पोहोचेपर्यंत सहा-सात मिनिटे कोणीही छातीवर हात ठेवला नव्हता. त्या जागेपासून चार पावलांवर औषधांचे एक दुकान उघडे होते. दुकानदाराचा त्यात काही दोष नाही. त्यास हे कोणी शिकविले नव्हते, आणि शिकविण्याचे काम आमचे होते. प्रस्तुत लेखाची प्रेरणा ही रुखरुख आहे.

या लेखात आम्हांस एकच गोष्ट मांडावयाची आहे. हृदय पुन्हा चालू होणे हा उपचारांचा शेवट नसून मध्य आहे. मेंदूचे रक्षण त्यापूर्वीच, पहिल्या मिनिटापासून सुरू होते आणि रुग्ण घरी आल्यानंतरही काही महिने चालते. या लांब वाटेवर आपणां वैद्यांच्या व औषध विक्रेत्यांच्या वाट्याला येणारी कामे नेमकी कोणती आणि न करण्याच्या गोष्टी कोणत्या, याचा विचार येथे केला आहे.

मेंदूला दोन वेळा इजा होते

शरीराच्या एकूण वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. एवढा मोठा खर्च असूनही मेंदूजवळ साठा जवळपास नसतो. रक्ताभिसरण थांबल्यावर साधारण १० ते २० सेकंदांत शुद्ध हरपते. पुढील काही मिनिटांत पेशींतील ऊर्जा संपते. पेशींच्या आवरणातून क्षारांची ने-आण करणारी यंत्रणा बंद पडते, सोडियम व कॅल्शियम आत शिरतात आणि पेशी फुगू लागतात. ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य अवाजवी प्रमाणात बाहेर पडून शेजारच्या पेशींनाही इजा करते. ही झाली पहिली इजा.

दुसरी इजा हृदय चालू झाल्यावर होते. रक्त परत येते, त्याबरोबर प्राणवायू येतो आणि आधीच दुखावलेल्या पेशींत विघातक मूलकण तयार होतात. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा प्रवाह काही काळ विस्कळीत राहतो. सूज येऊ शकते, झटके येऊ शकतात, ताप येतो. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातील काही पेशी तर त्या दिवशी तग धरतात आणि दोन-तीन दिवसांनंतर मरतात. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांची स्मृती का गेली असावी, याचा उलगडा येथे होतो.

मॉस्को येथील व्लादिमीर नेगोव्स्की यांनी १९७२ साली या अवस्थेस ‘पुनरुज्जीवनोत्तर व्याधी’ असे स्वतंत्र नाव दिले. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्य केलेले पीटर साफर यांनीही हृदय व फुफ्फुस यांच्या पुनरुज्जीवनाच्या संज्ञेत मेंदूचे नाव जोडावे, असा आग्रह आयुष्यभर धरला. दोघांच्या म्हणण्याचा आशय एकच होता : ठोका परत आला म्हणजे व्याधी संपला असे नव्हे, एक नवा व्याधी सुरू झाला.

त्रिमर्म आणि संन्यास : एक सावधगिरी

चरकाचार्यांनी हृदय, बस्ती व शिर या तीन मर्मांना प्रधान मानून त्यांचा स्वतंत्र विचार केला आहे. सुश्रुतांनी वर्णिलेल्या १०७ मर्मांपैकी १९ सद्यःप्राणहर असून त्यांत हृदयाबरोबर शिरातील अधिपती, शंख व शृंगाटक यांचाही समावेश होतो. हृदयावरील आघात व शिरावरील आघात यांना एका पंक्तीत बसविणारी ही दृष्टी आपणांस परिचित आहे. आजचे सर्व ज्ञान प्राचीनांस होते, असा दावा त्यावरून आम्ही करणार नाही. मात्र हृदयावर उपचार करताना शिराचा विसर पडू नये, ही शिकवण आपल्या अभ्यासक्रमातच आहे, एवढे निश्चित.

येथेच एक धोकाही आहे. चरक सूत्रस्थानात मद, मूर्च्छा व संन्यास या अवस्थांचे वर्णन येते. संन्यासाचा रुग्ण लाकडाप्रमाणे निश्चेष्ट पडतो आणि त्यास तातडीने तीक्ष्ण अंजन, अवपीडन नस्य, धूम इत्यादी उपाय सांगितले आहेत. हे वर्णन मनात ठेवून काही व्यवसायबंधू, नाडी व श्वास नसलेल्या रुग्णासही प्रथम नस्य करण्याच्या मागे लागतात. ज्याचे रक्ताभिसरण थांबले आहे, त्याच्या नासामार्गातून दिलेले द्रव्य कोठेही पोहोचत नाही. ते श्वासमार्गात मात्र उतरू शकते, आणि या खटाटोपात मेंदूचा सर्वांत मोलाचा वेळ जातो. निश्चेष्ट रुग्ण दिसताच पहिला प्रश्न ‘दोष कोणता’ हा नसून ‘नाडी आहे काय, श्वास नीट आहे काय’ हा असला पाहिजे.

पहिली मिनिटे

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबोकर यांनी १९६० साली छाती न उघडता बाहेरून हृदयाचे मर्दन करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजही मेंदूरक्षणाचा याहून प्रभावी उपाय उपलब्ध नाही. छाती दाबण्याने मिळणारा रक्तप्रवाह नेहमीच्या मानाने तोकडा असतो, तथापि तेवढ्यावर मेंदू तग धरू शकतो. काहीच न केल्यास विद्युत्-झटक्याने वाचण्याची शक्यता प्रत्येक मिनिटागणिक ७ ते १० टक्क्यांनी घटते. कृती पुढीलप्रमाणे.

१) खांदे हलवून हाक मारावी. प्रतिसाद नसेल व श्वास नसेल, अथवा मासोळीसारखी अधूनमधून तोंडाची उघडझाप होत असेल, तर हृदयक्रिया बंद आहे असे समजावे. ही उघडझाप म्हणजे श्वास नव्हे. या एका गैरसमजाने पुष्कळ वेळ वाया जातो.

२) नाडी पाहण्यास १० सेकंदांपेक्षा अधिक वेळ घेऊ नये. ती मानेजवळ पाहावी. मनगटाची नाडी शोधत बसू नये.

३) कोणा एकास नेमून १०८ क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगावे.

४) कठीण पृष्ठभागावर उताणे झोपवून छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, मिनिटास १०० ते १२० या गतीने ५ ते ६ सेंटिमीटर दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दर २ मिनिटांनी दाबणारी व्यक्ती बदलावी.

५) प्रशिक्षित व्यक्तीने ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. प्रशिक्षण नसलेल्याने केवळ छाती दाबत राहावे. भारतीय भूलशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने २०१७ साली सामान्य नागरिकांसाठी सुचविलेली पद्धतही केवळ छाती दाबण्याचीच आहे.

६) विद्युत्-झटक्याचे स्वयंचलित यंत्र जवळ असल्यास तत्काळ लावावे.

महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेत डॉक्टर म्हणून आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने काम करीत आले आहेत, याचे स्मरण येथे अवश्य करावे.

हृदय चालू झाल्यानंतरचे पहिले तास

खाजगी रुग्णालयांत रात्रपाळीस निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून आपले कितीतरी तरुण बंधू-भगिनी असतात. उपचारांचा निर्णय अतिदक्षता तज्ज्ञांचाच. परंतु रात्री दोन वाजता खाटेजवळ कोण असते, हे आपण जाणतो. त्यांनी पुढील बाबींवर नजर ठेवून तज्ज्ञांस वेळीच कळवावे.

श्वास : प्राणवायू कमी पडता कामा नये, तसा अतिरेकही नको. रक्तातील प्राणवायूची पातळी साधारण ९४ ते ९८ टक्के राखतात. पिशवीने भराभर श्वास देण्याची सवय घातक आहे, कारण त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नुकताच मिळू लागलेला रक्तप्रवाह पुन्हा घटतो.

रक्तदाब : मेंदूची स्वतःचा रक्तप्रवाह सांभाळण्याची शक्ती या काळात दुबळी झालेली असते. सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली जाऊ देऊ नये.

साखर : फार वाढलेली साखर वाईट आणि घसरलेली साखर त्याहून वाईट. म्हणून वारंवार तपासणी हवी.

झटके : हातापायांचे, चेहऱ्याचे वा केवळ पापण्यांचे स्फुरण दिसले तरी नोंद करून कळवावे. झटक्यात मेंदूची प्राणवायूची गरज वाढते.

मूळ कारण : हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा हे वारंवार आढळणारे कारण आहे. म्हणून हृदयालेख त्वरित काढून आवश्यकतेनुसार रुग्णास सुसज्ज रुग्णालयात हलविण्यात दिरंगाई नसावी.

थंडावा : वीस वर्षांतील मतपरिवर्तन

शरीर थंड केल्यास मेंदूची गरज घटते, ही कल्पना जुनी आहे. २००२ साली युरोपातील व ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. बेशुद्ध रुग्णांचे तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून काही तास तेथे ठेवले असता मेंदूचे कार्य चांगले राहणाऱ्यांचे प्रमाण युरोपीय अभ्यासात ३९ वरून ५५ टक्क्यांवर गेले. जगभर हा उपचार रूढ झाला. आमच्या पिढीतील अनेकांनी व्याख्यानांतून हेच ऐकले आणि आजही काहींच्या मनात तेच पक्के आहे.

तथापि २०१३ साली सुमारे ९५० रुग्णांच्या अभ्यासात ३३ अंश व ३६ अंश यांत फरक आढळला नाही. २०१९ साली फ्रान्समधील अभ्यासात, विद्युत्-झटका लागू न पडणाऱ्या प्रकारच्या रुग्णांत ३३ अंशांचा थोडा लाभ दिसला. पुढे २०२१ साली १,९०० रुग्णांना सामावून घेणाऱ्या मोठ्या अभ्यासात एका गटास ३३ अंशांवर ठेवले आणि दुसऱ्या गटात केवळ ताप येऊ न देण्याची दक्षता घेतली. सहा महिन्यांत मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ५० व ४८ टक्के होते, म्हणजे थंड करण्याचा अधिक लाभ दिसला नाही. उलट हृदयाच्या तालातील गंभीर बिघाड थंड केलेल्या गटात अधिक आढळला.

यातून आज व्यवहारात उरलेला धडा साधा आहे : ताप येऊ देऊ नये. बेशुद्ध रुग्णाचे तापमान ३७.५ अंशांच्या वर जाणार नाही, अशी काळजी पहिले दीड ते तीन दिवस सातत्याने घ्यावी. काही रुग्णांत त्याहून कमी तापमान राखण्याचा निर्णय तज्ज्ञ घेतात, तो त्यांच्यावर सोडावा. रुग्णवाहिकेत बर्फासारखे थंड सलाइन वेगाने सोडणे आता निषिद्ध मानले जाते. नातेवाइकांच्या आग्रहाखातर डोक्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवणे अथवा शिरोधारेचा विचार करणेही योग्य नव्हे. कंप सुटल्यास प्राणवायूची गरज वाढून हेतूच्या उलट परिणाम होतो.

निर्णयाची घाई नको

दुसऱ्या दिवशी नातेवाईक आपल्या जुन्या वैद्यांकडे येतात आणि विचारतात, “मेंदू मेला म्हणतात, खरे काय?” या प्रश्नाचे उत्तर जपून द्यावे लागते. झोपेची औषधे चालू असताना, पहिल्या एक-दोन दिवसांत, मेंदूचे भवितव्य सांगता येत नाही. आजची मार्गदर्शक तत्त्वे किमान ७२ तास थांबावयास सांगतात आणि तेव्हाही एका चिन्हावर विसंबू नये असे बजावतात. बाहुल्यांचा प्रकाशास प्रतिसाद, मेंदूचा विद्युत् आलेख, संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते काय याची चाचणी, चित्रण व काही रक्ततपासण्या हे सर्व एकत्र पाहून मत बनवितात.

‘ब्रेन डेड’ हा शब्द बेशुद्धीसाठी सैलपणे वापरू नये. मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू ही १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ठरविण्याची वेगळी अवस्था आहे. त्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांच्या मंडळास ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. खोटी आशा देणे जसे चूक, तसेच दुसऱ्या दिवशी ‘आता काही राहिले नाही’ असे म्हणून कुटुंबास उपचार थांबविण्याकडे ढकलणेही चूक. “तीन दिवस थांबू या, तोवर ताप येणार नाही आणि रक्तदाब पडणार नाही हे पाहू या,” हे प्रामाणिक उत्तर होय.

औषधांची मोहजाळी

मेंदूच्या रक्षणासाठी एखादे द्रव्य सापडावे म्हणून आधुनिक वैद्यकानेही पुष्कळ धडपड केली. साफर यांच्या पुढाकाराने झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासांत थायोपेंटालचा लाभ १९८६ साली सिद्ध झाला नाही आणि लिडोफ्लाझिनचा १९९१ साली झाला नाही. प्राण्यांत आशादायक ठरलेली द्रव्ये माणसांत एकामागून एक निष्फळ ठरली. ब्राह्मी, मंडूकपर्णी व अश्वगंधा यांवरील प्रयोगांचे दाखले देताना हा इतिहास ध्यानी ठेवावा. उंदरांतील निष्कर्ष म्हणजे अतिदक्षता विभागातील रुग्णाचा उपचार नव्हे.

म्हणून बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात सुवर्णकल्प, मध, तुळशीचा रस वा गंगाजलही घालू नये. गिळण्याची क्रिया नसताना ते फुफ्फुसात उतरते, त्यातून न्यूमोनिया होतो, न्यूमोनियाने ताप येतो आणि तापाने मेंदूची हानी होते. ही साखळी नातेवाइकांस समजावून सांगितल्यास ते निश्चित ऐकतात, असा आमचा अनुभव आहे. त्यांच्या श्रद्धेचा अवमान करण्याची गरज पडत नाही.

घरी आल्यानंतर

आपले खरे क्षेत्र येथे सुरू होते. चालता-बोलता घरी आलेल्या रुग्णांतही विस्मरण, लक्ष न लागणे, कामाची आखणी न जमणे, लवकर थकणे, चिडचिड व उदासी या तक्रारी वारंवार आढळतात. घरच्यांस त्या आळस वा हट्ट वाटतात. त्या मेंदूच्या इजेच्या खुणा असू शकतात, हे प्रथम सांगावे. पहिल्या तीन महिन्यांत स्मृती व मनःस्थितीची तपासणी करून घ्यावी आणि गरज असल्यास मेंदूविकारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवावे. ठराविक वेळेची निद्रा, हलका आहार, हळूहळू वाढविलेले चालणे, भिंतीवर दिनक्रमाचा तक्ता, वहीत नोंदी ठेवण्याची सवय, या साध्या गोष्टींचा रुग्णास आधार होतो. ज्या घरात रुग्ण आहे, त्या घरातील किमान दोघांस छाती दाबण्याचे शिक्षण द्यावे.

औषधयोजना करताना हृदयरोगतज्ज्ञांची संपूर्ण यादी पाहिल्याविना एकही कल्प लिहू नये. बचनागयुक्त कल्प, उदाहरणार्थ त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, या रुग्णांत टाळावेत. अपुऱ्या शोधनाचा बचनाग हृदयाच्या तालात प्राणघातक बिघाड घडवू शकतो. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत दिल्यास पोटॅशियम उतरते आणि तेही तालासाठी घातक ठरते. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांची रक्तातील मात्रा घटते. सर्पगंधा नाडी व रक्तदाब उतरवते आणि उदासी वाढवू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांबरोबर लसणाचे वा गुग्गुळाचे सघन कल्प देताना रक्तस्रावाचा विचार हवा.

औषध विक्रेत्यांस विनंती

सर्दी-तापासाठी ‘नेहमीच्या गोळ्या’ मागणाऱ्या ग्राहकास हृदयविकार आहे काय, हा एक प्रश्न विचारावा. ‘मेंदूची शक्ती’ वाढविणारे टॉनिक अशा रुग्णाच्या घरच्यांस वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये. दुकानातील प्रत्येक कामगारास छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. १०८ हा क्रमांक व कृतीचा तक्ता दर्शनी भागात लावावा. बाजारपेठेत डॉक्टरांचा दवाखाना दुपारी बंद असतो, औषधांचे दुकान बहुधा उघडे असते.

वर उल्लेखिलेल्या घटनेनंतर आम्ही आमच्या गावातील दुकानदारांस एकत्र बसवून उशीवर व पुढे पुतळ्यावर हे प्रात्यक्षिक शिकविले. दर सहा महिन्यांनी ते पुन्हा करतो, कारण हात विसरतात. त्या गृहस्थांस त्याचा काही उपयोग झाला नाही. ते आजही दवाखान्यात येतात, नमस्कार करतात आणि दर वेळी आमचे नाव नव्याने विचारतात. आम्ही दर वेळी ते सांगतो. आपापल्या गावी असे एक प्रात्यक्षिक वाचकांनी येत्या तीन महिन्यांत घडवून आणावे, एवढी विनंती करून हा लेख पूर्ण करतो.